राजीनामा 'स्वखुशीने' लिहून घेतला, आता काय करता येईल? (अंबड, नाशिक)

द्राक्षवेल
नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज वेगळ्याच कामासाठी लिहितेय.

आमचे हे अंबडच्या एका कंपनीत ९ वर्षं ८ महिने आहेत. आहेत म्हणू की होते, तेच कळत नाहीये. परवा शुक्रवारी दुसऱ्या पाळीला गेले तर गेटवरच निरोप, आधी एचआरकडे जा. केबिनमध्ये प्लांट हेड आणि एक अनोळखी गृहस्थ बसलेले. मोबाइल बाहेरच्या टेबलावर ठेवायला लावला. म्हणाले, ऑर्डरी कमी झाल्यात, वीस जणांची यादी आहे, तुमचं नाव आहे. राजीनामा दिलात तर एक महिन्याचा पगार आणि चांगलं अनुभवपत्र. नाही दिलात तर काढून टाकू, मग अख्ख्या एमआयडीसीत कोणी उभं करणार नाही.

दीड तास बसवलं. मजकूर त्यांचाच, हात फक्त यांचा: 'मी वैयक्तिक कारणास्तव स्वखुशीने...' शेवटी यांनी लिहून दिलं. ओळखपत्र काढून घेतलं आणि सिक्युरिटीवाल्याने गेटपर्यंत सोडलं. साडेपाचला घरी आले. मी डबा हातात घेतला तर तो भरलेला. तेव्हाच काहीतरी झालंय हे कळलं.

कार्डावर पद 'सुपरवायझर'. एकूण पगार ४०,०००, त्यात बेसिक आणि डीए मिळून १८,२००. लिहून दिलेलं मागे घेता येतं का? माझे भाऊजी म्हणतात सुपरवायझरला कामगार कायदा लागत नाही, खरं आहे का? आणि ग्रॅच्युइटी बुडाली का? संक्रांत तोंडावर आहे आणि घरात कोणी धड बोलत नाहीये.

उगाच काहीतरी
वाईट वाटलं. पण लिहून दिलंय म्हणजे विषय संपला हो. खासगीत असंच असतं. एक महिन्याचा पगार घ्या आणि दुसरीकडे बघा. आमच्या सोसायटीतल्या एकाची केस नऊ वर्षं चालू आहे.

निवृत्त फिटर
विषय अजिबात संपलेला नाही. अशा वाक्यांनीच माणसं पहिले आठ दिवस घरात बसतात, आणि नेमके तेच आठ दिवस कामाचे असतात.

द्राक्षवेल ताई, आज रविवार. आत्ता, मी लिहितोय ते वाचून झाल्यावर लगेच, त्यांच्या स्वतःच्या ईमेलवरून एचआर आणि प्लांट हेड दोघांना मेल जाऊ द्या. मोठं काही नको. एवढंच:

'शुक्रवारी दुपारी मला केबिनमध्ये सुमारे दीड तास बसवून, मोबाइल बाहेर ठेवायला लावून, कामावरून काढण्याची धमकी देऊन माझ्याकडून राजीनामा लिहून घेण्यात आला. मजकूर मला सांगण्यात आला होता. तो राजीनामा मी माझ्या इच्छेने दिलेला नाही व तो मी मागे घेत आहे. मी कामावर येण्यास तयार आहे आणि सोमवारी माझ्या पाळीला हजर राहीन.'

शिव्या नाहीत, रडगाणं नाही, 'कृपा करून' नाही. केबिनमध्ये कोण कोण होतं, किती वाजता आत गेले, किती वाजता बाहेर आले ते टाका. उद्या हेच पत्र सही करून स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. रजिस्टर एडी आता स्पीड पोस्टातच विलीन झालंय, तेव्हा खिडकीवर वाद घालू नका. पाकिटावर बाहेरच्या बाजूलाही विषय लिहा: 'राजीनामा मागे घेण्याबाबत'. का? तर कंपनी म्हणते पाकीट आलं पण आत कोरा कागद होता. हसू नका, मी स्वतः ऐकलंय.

आणि सोमवारी खरंच गेटवर जायचं. पाळीच्या वेळेला, डबा घेऊन. आत घेतलं नाही तर त्याच दिवशी दुसरं पत्र: 'आज अमुक वाजता आलो, मला आत घेतलं नाही.' नाहीतर पुढे म्हणतात, आम्ही कुठे काढलं, तोच यायचा बंद झाला.

द्राक्षवेल
मेल गेला, रात्री ९:४०. पाठवताना यांचा हात थरथरत होता. धन्यवाद काका.

कायद्याचा कीस
निवृत्त फिटर यांनी जे सांगितलं त्याला जोडून. आधी हे समजून घ्या की कंपनीला राजीनामाच का हवा असतो. काम कमी झालं म्हणून माणूस कमी करायला कायद्याची बंदी नाही. त्याला कपात म्हणतात. पण वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. शेवटच्या वर्षातले सहा महिन्यांवरचे दिवस पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुमच्याकडे दहा वर्षं. त्यात त्या वर्गात जो शेवटी आला तो आधी जातो. तुमच्या यजमानांच्या मागून लागलेली पोरं त्याच कामावर अजून असतील तर कंपनीला लेखी कारण द्यावं लागेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेत आणखी १५ दिवसांचा पगार कौशल्य निधीतून कामगाराच्या खात्यात जमा व्हायची तरतूद आहे, कपातीनंतर ४५ दिवसांत.

राजीनामा आला की यातलं काही द्यावं लागत नाही. तुमच्या हस्ताक्षरातला तो कागद म्हणजे त्यांची सुटका. वीस माणसं गुणिले हे सगळं, असा हिशेब करा, मग दीड तास बसवून ठेवायची मेहनत का घेतली ते कळेल.

(३०० पेक्षा कमी कामगार असतील तर कपातीला सरकारची आगाऊ परवानगी लागत नाही. आधी ही मर्यादा १०० ची होती. पण परवानगी लागत नाही म्हणजे नोटीस आणि भरपाईही लागत नाही, असा सोयीस्कर अर्थ बरेच जण काढतात. तसं नाही.)

राजीनामा स्वीकारला जाण्याआधी मागे घेता येतो, आणि दबावाखाली घेतलेला राजीनामा हा राजीनामाच नव्हे, असं म्हणता येतं. दोन वेगळे मुद्दे आहेत, दोन्ही मांडायचे. दबाव सिद्ध करणं अवघड असतं, हे खोटं सांगत नाही. पण दोन दिवसांत मागे घेतलेला आणि दोन महिन्यांनी मागे घेतलेला, यात जमीनअस्मानाचा फरक.

सुपरवायझरचं: कार्डावर काय छापलंय ते कोणी बघत नाही, काम काय होतं ते बघतात. संहितेत देखरेखीचं काम करणारा आणि १८,००० वर वेतन असलेला माणूस 'कामगार' नाही, हे खरं. (आधी १०,००० होती ती मर्यादा.) पण तो मुळात देखरेख करत होता का? रजा मंजूर करायचे का? कोणाला मेमो द्यायचे का? दिवसभर काय करायचे ते सविस्तर लिहा.

द्राक्षवेल
यांना विचारून लिहिते. व्हीएमसीवर (संगणकावर चालणारं मिलिंग मशिन) सेटिंग करायचे. जॉब बांधायचा, टूल ऑफसेट घ्यायचा, पहिला पीस काढून क्वालिटीकडे न्यायचा, पास झाला की लॉट चालवायचा. हाताखाली दोन ट्रेनी पोरं. कोणाची रजा वगैरे काही नाही, स्वतःचीच रजा मागायला शिफ्ट इन्चार्जकडे जायचे. तीन वर्षांपूर्वी युनियनची चर्चा सुरू झाली होती, त्याच महिन्यात आठ-दहा जणांना 'सुपरवायझर' केलं. पगार वाढला ७०० रुपये. पेढे वाटले होते आम्ही.

निवृत्त फिटर
पेढे! ताई, सातपूरपासून सिन्नरपर्यंत असे पेढे फार घरांत वाटले गेलेत. ट्रेनीला शिकवलं म्हणून कोणी साहेब होत नाही.

आता त्यांना म्हणावं आठवून आठवून गोळा करा. उत्पादनाच्या रोजच्या शीटवर 'ऑपरेटर' म्हणून सही असेल, सेटिंग शीटवर नाव असेल. व्हॉट्सॲपवर शिफ्टच्या ग्रुपमध्ये टाकलेले फोटो असतीलच, मशिनसमोरचे. ग्रुपमधून काढायच्या आधी सगळं एक्स्पोर्ट करून घ्या. आज. पगाराच्या पावत्या, नेमणूक पत्र, बढतीचं पत्र, बोनसची नोंद. आणि यादीतल्या बाकी एकोणीस जणांचे नंबर. एकट्याच्या गोष्टीला केबिनमधले तिघं तीन वेळा नाही म्हणतील. त्याच दिवशी, त्याच केबिनमध्ये, त्याच मजकुराचे सात राजीनामे निघाले की 'वैयक्तिक कारण' जरा जास्तच वैयक्तिक दिसायला लागतं.

कायद्याचा कीस
+१. हे आमच्यासारखे चार वकील मिळून सुचवणार नाहीत.

ग्रॅच्युइटी बुडालेली नाही. पाच वर्षं झाली की राजीनामा दिला तरी मिळते. हिशेब: शेवटचा बेसिक आणि डीए भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. १८,२०० भागिले २६ म्हणजे ७००. त्याचे १५ दिवस म्हणजे १०,५००. नऊ वर्षं आठ महिन्यांची दहा वर्षं धरली की १,०५,०००. द्यायची मुदत ३० दिवस, त्यापुढे व्याज.

आकडेमोड्या
इथे थोडी दुरुस्ती. नवीन संहितांत 'वेतन' या शब्दाची व्याख्या बदलली आहे. घरभाडं, वाहतूक वगैरे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरायचा. ४०,००० चे निम्मे २०,०००. म्हणजे १८,२०० नाही, किमान २०,००० वर हिशेब. २०,००० भागिले २६ गुणिले १५ गुणिले १० म्हणजे सुमारे १,१५,४००. दहा हजारांचा फरक आहे, सोडू नका. पगाराच्या पावतीवरचे सगळे रकाने टाकलेत तर नेमकं काढून देतो.

शिवाय वेतन संहितेप्रमाणे काढलं, कपात केली किंवा राजीनामा दिला, काहीही असो, राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. 'फुल अँड फायनल ४५ दिवसांनी' हे वाक्य एचआरच्या तोंडी अजून आहे, ते जुनं झालं.

कायद्याचा कीस
बरोबर, मी जुन्या सवयीने लिहिलं. पैसे खात्यात आले तर परत पाठवायची गरज नाही. त्याच दिवशी मेल करा: 'ही रक्कम हक्क राखून, अंडर प्रोटेस्ट स्वीकारत आहे.' पण 'माझी कंपनीकडे काही मागणी उरली नाही' असं छापलेल्या कागदावर सही नको. अनुभवपत्र हवं असेल तर यावर सही करा, असं म्हणतील. नको.

वर्कशॉपवाला
दुसरी बाजू कोणीच मांडत नाहीये म्हणून लिहितो. माझं सातपूरला चौदा माणसांचं जॉबवर्कचं शेड आहे. मोठ्या कंपनीने शेड्यूल निम्मं केलं की ते एका मेलमध्ये करते, मला कोणी १५ दिवसांचा पगार देत नाही. मशिनचा हप्ता थांबत नाही, वीज बिल थांबत नाही. दोन वर्षांपूर्वी मला तीन माणसं कमी करावी लागली. झोप उडाली होती. सगळे मालक राक्षस नसतात.

निवृत्त फिटर
मान्य. त्या तिघांना काय दिलंत?

वर्कशॉपवाला
महिन्याची नोटीस, भरपाई, ग्रॅच्युइटी. सीएने कागद करून दिले. दोन हप्त्यांत दिलं, पण दिलं. एक जण नंतर परत आला, आता माझ्याकडेच आहे.

निवृत्त फिटर
मग तुम्ही या धाग्यात त्यांच्या बाजूने का बसलात? इकडे या.

उगाच काहीतरी
:)) पण काका, नऊ वर्षांच्या केसचं काय? ते कोणी बोलत नाही.

कायद्याचा कीस
बोलतो. वेळ लागतो, कधी फार लागतो. पण पहिली पायरी कोर्टाची नसतेच. कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज करायचा, त्र्यंबक रोडला आयटीआयजवळ उद्योग भवनात. दोन्ही बाजूंना बोलावून समेटाचा प्रयत्न होतो. तिथे बरंच काही मिटतं, कारण कंपनीलाही पुढचं नको असतं. ४५ दिवसांत मिटलं नाही तर नोकरीवरून काढलेल्या माणसाला पुढे थेट दाद मागता येते, सरकारने प्रकरण पाठवायची वाट पाहावी लागत नाही. याला बाहेरची मुदत दोन वर्षं. जुन्या कायद्यात तीन होती, म्हणून कोणी 'अजून वेळ आहे' म्हणालं तर ते जुनं ऐकलेलं समजा.

आणि महाराष्ट्रात १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा आहे, ज्याला इथले लोक यूएलपी म्हणतात. त्याखाली तक्रार ९० दिवसांत करायची असते. तुमचे नव्वद दिवस शुक्रवारपासून मोजा आणि कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. यातलं कुठलं दार ठोठावायचं ते वकिलाला कागद दाखवून ठरवा.

वकिलाची फी हा प्रश्न असेल तर जिल्हा न्यायालयात, सीबीएसजवळ, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. औद्योगिक कामगाराला आणि कोणत्याही स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या कायद्यातच आहे हे. लोकांना वाटतं ते फक्त फौजदारी खटल्यांसाठी असतं.

कार्बन नाका
मी पर्मनंट नाही, ठेकेदाराकडून आहे. सहा वर्षं एकाच कंपनीत, एकाच प्रेसवर. ठेकेदाराचं नाव तीनदा बदललं, प्रेस तोच. आता आधीचा ठेकेदार दोन महिन्यांचा पगार न देता गायब. कंपनी म्हणते आमचा संबंध नाही. आम्हाला काही आहे का यात?

निवृत्त फिटर
आहे. ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो मूळ कंपनीने द्यायचा आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचा. ही जबाबदारी १९७० च्या कायद्यातही होती, नव्या संहितेतही आहे. 'संबंध नाही' असं तोंडी म्हणतात, लिहून मागा, देणार नाहीत.

तीनही ठेकेदारांचे गेटपास ठेवले आहेस का? प्लॅस्टिकचं कार्ड परत घेतलं असेल तर फोटो? आणि यूएएनचं, म्हणजे तुझ्या पीएफच्या कायमच्या नंबरचं, पासबुक उघड. ठेकेदार बदलला तरी यूएएन एकच असतो. कुठल्या महिन्यात कोणी भरलं, कोणी नाही, सगळं दिसतं. भोकं दिसली तर पीएफच्या तक्रार पोर्टलवर टाक, नाहीतर सातपूरला भविष्य निधीच्या ऑफिसात जा.

कार्बन नाका
पासबुक आत्ता पाहिलं काका. पाच महिने कोरे आहेत. पगारातून मात्र कापलेत, पावतीवर आहे.

निवृत्त फिटर
पावती सांभाळ. कापून न भरणं हा साधा उशीर नसतो, गुन्हा असतो. उद्याच टाक तक्रार, आणि एकट्याने नको. तुझ्याबरोबरच्या सगळ्यांची पासबुकं बघा.

पैठणी
थोडं विषयाला सोडून, पण राजीनाम्याचंच आहे. माझी नणंद गंगापूर रोडला एका खासगी क्लिनिकमध्ये रिसेप्शनला आहे, दोन वर्षं. सातवा महिना लागलाय. मॅडम गोड आवाजात म्हणतात, 'तू आता आराम कर, राजीनामा देऊन जा, बाळ मोठं झालं की परत ये.' स्टाफ सोळा जणांचा आहे.

कायद्याचा कीस
आराम करू दे, राजीनामा नको. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी प्रसूती रजा लागू. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलं असलं की पुरे. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी, त्यातले ८ आधी घेता येतात. त्या रजेच्या काळात काढता येत नाही, आणि गरोदर आहे म्हणून तर नाहीच. तिने एक ओळीचा मेल करावा, अमुक तारखेपासून प्रसूती रजा हवी, सोबत डॉक्टरांचं सर्टिफिकेट. पगार २१,००० च्या आत असेल आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) कापत असतील तर पैसे ईएसआयकडून येतात, मॅडमच्या खिशातून नाही. हे मॅडमना सांगितलं तर आवाज आणखी गोड होईल.

पैठणी
ईएसआय कापतात! म्हणजे यांना काही द्यायचंच नव्हतं, आणि तरी राजीनामा हवा होता?

वर्कशॉपवाला
बऱ्याच मालकांना हे माहीतच नसतं ताई. मलाही ईएसआयचं हे सीएने सांगितल्यावर कळलं.

द्राक्षवेल
तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा.

सोमवारी हे गेटवर गेले होते. आत घेतलं नाही. सिक्युरिटीवाला ओळखीचा, त्याने खुर्ची दिली, चहा दिला, पण आत सोडलं नाही. त्याच दिवशी दुसरं पत्र टाकलं. यादीतले आणखी सहा जण सापडले, त्यातल्या चौघांनी अर्जावर सह्या केल्या. दोघे नाही म्हणाले, एकाच्या मुलीचं लग्न आहे. त्याला काय बोलणार.

उद्योग भवनात अर्ज दिला. पहिल्या तारखेला कंपनीकडून कोणीच आलं नाही. दुसऱ्या तारखेला एक साहेब आले आणि म्हणाले, राजीनामा त्याच शुक्रवारी स्वीकारला होता, तसं पत्रही पोस्टाने पाठवलंय, तुमचा मेल नंतरचा. पत्र घरी आलं होतं हे खरं, वर तारीखही शुक्रवारची आहे. हे एकदम गप्प झाले. आता त्यांना वाटतंय सगळं संपलं.

कायद्याचा कीस
पत्र पोस्टाने आलं ना? पाकीट आहे?

द्राक्षवेल
आहे बहुतेक. थांबा, बघते.

द्राक्षवेल
सापडलं. स्पीड पोस्टचं आहे. त्यावरच्या स्टिकरवर बुकिंगची तारीख बुधवारची आहे. म्हणजे आमच्या मेलनंतर तीन दिवसांची!

निवृत्त फिटर
शुक्रवारचं पत्र बुधवारी टाकलं. अंबडहून शेजारच्याच सिडकोला यायला.

कायद्याचा कीस
ट्रॅकिंग नंबर टाकून आजच प्रिंट काढा, काही महिन्यांनी साइटवर दिसेनासं होतं. पाकिटाच्या दोन्ही बाजूंच्या रंगीत झेरॉक्स. मूळ पाकीट कोणालाही द्यायचं नाही, साहेबांनी हात पुढे केला तरी फक्त दाखवायचं. बाकी चौघांनाही आलंय का असं पत्र? त्यांचीही पाकिटं शोधायला सांगा.

द्राक्षवेल
सांगते. एक अडचण आहे. लेकाने पाकिटाच्या मागच्या बाजूला गणितं सोडवलीत. चालेल का?

कायद्याचा कीस
स्टिकर पुढच्या बाजूला आहे ना? मग चालेल.